मदत हवी आहे: डॅशबोर्डमागचा फ्लॅशर रिले ओळखायचा कसा?

जुनी हॅचबॅक आहे. दोन्ही बाजूंचे इंडिकेटर बंद पडलेत, मीटरमधला हिरवा बाणही लुकलुकत नाही. पण हॅझर्डचं बटण दाबलं की चारही दिवे व्यवस्थित चालतात, म्हणजे बल्ब शाबूत आहेत.

गॅरेजवाल्यांचं म्हणणं, फ्लॅशर (दिवे लुकलुकवणारा छोटा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच) गेलाय, अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागेल. ते शक्यतो टाळायचंय. एकदा क्लिपा तुटल्या की डॅशबोर्ड कायमचा खडखडायला लागतो.

स्टिअरिंगखालच्या फ्यूजबॉक्सच्या झाकणावरचा नकाशा पुसट झालाय. इंडिकेटरचा वाटला तो १० अँपिअरचा लाल फ्यूज काढून उजेडात धरला, आतली तार सलग दिसते. हॅझर्ड लावल्यावर टिकटिक गुडघ्याच्या वरून येते. तिथे एका पट्टीवर तीन-चार चौकोनी रिले आहेत. यातला फ्लॅशर कुठला? शेजारून पिवळ्या कनेक्टरची वायर गेलीय, तिथे हात घालायला धीर होत नाही.

प्रतिसाद:
हॅझर्ड चालू ठेवून एकेका रिलेवर बोट टेकवा. टिकटिक बोटाला जाणवेल तोच फ्लॅशर. बऱ्याच फ्लॅशरच्या पिनांपाशी ४९, ४९ए, ३१ असे आकडे असतात: पुरवठा, दिव्यांकडे जाणारी वायर आणि अर्थिंग (गाडीच्या बॉडीला जोडलेली वायर).

पण एवढ्यात नवा आणू नका. जुन्या गाड्यांत बहुधा हॅझर्ड आणि इंडिकेटर एकाच फ्लॅशरवर चालतात. तुमचा हॅझर्ड चालतोय, म्हणजे फ्लॅशर चांगला असणार. फरक पुरवठ्यात आहे. हॅझर्डला करंट थेट बॅटरीवरून मिळतो, इंडिकेटरला इग्निशनवरून, आणि तो अनेक गाड्यांत हॅझर्डच्या बटणातूनच पुढे जातो. बटण वर्षानुवर्षं वापरलं नाही की आतले पॉइंट काळे पडतात. इग्निशन चालू करून इंडिकेटर द्या आणि बटण भराभर दाबून-सोडून बघा. मध्येच बाण लुकलुकला तर दोष बटणात. नाहीच लुकलुकला तर त्या फ्यूजच्या दोन्ही टोकांना एकेक करून टेस्ट लॅम्प (करंट असला की पेटणारा तपासणीचा छोटा दिवा) लावून करंट येतोय का पाहा, नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका.

पिवळा कनेक्टर एअरबॅगचा असतो. त्याला टेस्ट लॅम्प अजिबात लावायचा नाही. त्या भागात काही सोडवायची वेळ आली तर इग्निशन बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह काढा, काही मिनिटं थांबा आणि मगच हात घाला.

धागाकर्ता:
मनापासून आभार! बटण दाबत राहिल्यावर डावा बाण क्षणभर लुकलुकला आणि पुन्हा गेला. आता हे बटण पुढून प्लास्टिकच्या पट्टीने उचकटायचं, की मधलं पॅनल सोडवून मागून ढकलायचं?