प्रायश्चित्त, परिमार्जन की बळी? योम किप्पूरसाठी मराठी शब्द कोणता

प्रश्न : एका लेखाचा अनुवाद करते आहे. त्यात ज्यूंचा योम किप्पूर (वर्षातून एकदा येणारा पापक्षालनाचा दिवस) आणि ख्रिस्ताचं बलिदान यांच्याबद्दलचा मजकूर एकत्र आलेला आहे. माझं वाक्य असं झालं आहे : "योम किप्पूरच्या दिवशी ज्यू लोक बळीचा बकरा कापून पापांचं प्रायश्चित्त घेत, पुढे येशू हाच तो बळीचा बकरा झाला." वाचायला सोपं आहे, पण 'प्रायश्चित्त घेणे' आणि 'बळीचा बकरा' हे प्रयोग इथे चालतील का? जाणकारांनी सांगावं.

उत्तर : दोन्ही चालणार नाहीत. आधी बकऱ्याचं बघू, कारण तो घोळ मराठीत फार रुजला आहे.

बायबलच्या लेवीय पुस्तकाच्या १६व्या अध्यायात या दिवसाचा विधी दिला आहे. त्यात बोकड दोन आहेत. महायाजक, म्हणजे मंदिराचा मुख्य पुरोहित, त्यांच्यावर चिठ्ठ्या टाकतो : एक परमेश्वराच्या नावाचा, दुसरा अजाजेलाच्या नावाचा (या नावाच्या अर्थाबद्दल मतभेद आहेत). परमेश्वराच्या नावाचा बोकड कापला जातो. दुसरा कापला जात नाही. महायाजक त्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून इस्राएलाची सगळी पापं बोलून दाखवतो, आणि मग तो बोकड जिवंत, ओसाड रानात पाठवला जातो. आपण ज्याला 'बळीचा बकरा' म्हणतो, म्हणजे दुसऱ्याचा दोष ज्याच्या माथी मारला जातो तो, हा दुसरा बोकड. आणि बळी जातो तो पहिला! मराठी वाक्प्रचारात दोघांचा एकच झाला आहे.

मिश्ना हा ज्यूंच्या मौखिक नियमांचा संग्रह. त्याच्या 'योमा' या भागात यरुशलेमातल्या दुसऱ्या मंदिराच्या काळातला तपशील मिळतो. दोन्ही बोकड दिसायला, उंचीला आणि किमतीला सारखे असावेत, असा दंडक होता. मग गफलत होऊ नये म्हणून रानात जाणाऱ्याच्या डोक्याला किरमिजी लोकर बांधायची, आणि कापायच्या बोकडाला मानेशी. त्या काळापर्यंत रानात नेलेल्या बोकडाला कड्यावरून मागे ढकलून देण्याची रीत पडली होती, म्हणजे शेवटी तोही मरे. पण ते वेदीवरचं अर्पण नव्हतं. त्याचं रक्त कुठे शिंपडलं जात नसे, मांस जाळलं जात नसे. त्याचं काम एकच, पाप गावाबाहेर वाहून नेणं.

ग्रीक भाषांतरकारांनी त्याला 'दूर धाडलेला' म्हटलं, लॅटिनमध्ये जेरोमनं 'पाठवलेला बोकड' केलं. १५३० साली विल्यम टिंडेलनं इंग्रजीत 'स्केपगोट' हा शब्द घडवला, तो 'निसटून गेलेला बोकड' या अर्थानं. तिन्ही ठिकाणी भर जाण्यावर आहे, मरण्यावर नाही. तेव्हा मराठीत 'पापं लादून रानात घालवलेला बोकड' असं लांबलचक लिहावं लागलं तरी लिहा. नुसतं 'सोडलेला बोकड' म्हणू नका, नाहीतर गावाकडच्या वाचकाला देवाच्या नावानं सोडलेलं जनावर आठवेल, आणि ती गोष्ट निराळी.

आता 'प्रायश्चित्त'. मराठीत आपण प्रायश्चित्त घेतो, करतो, भोगतो, क्वचित कुणाला देतो. देणारा कुणीही असो, ते करायचं ज्यानं चूक केली त्यानं. उपवास, व्रत, दान, तप, सगळं त्याच्याच अंगावर. शास्त्रात 'प्रायः म्हणजे तप, चित्त म्हणजे निश्चय' अशी फोड देतात, ती याच अर्थाला धरून आहे.

हिब्रूतलं क्रियापद 'किप्पेर' आहे, धातू क-प-र. त्याच्या जवळचं अक्कादी क्रियापद 'कुप्पुरु' म्हणजे पुसून काढणं. लेवीयचे अभ्यासक जेकब मिलग्रोम यांनी या विधीकडे याच अंगानं पाहिलं, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. महायाजक बोकडाचं रक्त कुठे लावतो ते पाहा : मंदिराच्या सगळ्यात आतल्या परमपवित्र स्थानात, कराराच्या कोशाच्या (पवित्र पेटीच्या) झाकणावर आणि झाकणासमोर, मग वेदीच्या शिंगांना. माणसांच्या अंगावर एक थेंबही नाही. १६व्या वचनात कारण दिलं आहे : इस्राएलाच्या अशुद्धतेमुळे पवित्रस्थानासाठी हे करायचं. लोकांची पापं जणू त्या जागेवर पुटासारखी चढतात आणि वर्षातून एकदा ती खरवडून काढावी लागतात. देवानं तिथे राहावं म्हणून. लोक शुद्ध होतात असंही पुढे ३०व्या वचनात म्हटलं आहेच, पण घासपूस चालते ती देवाच्या घराची. त्या एका दिवसात महायाजक पाच वेळा स्नान करी आणि दहा वेळा हातपाय धुई, असं मिश्ना सांगते.

यासाठी मराठीत चपखल शब्द आहे : परिमार्जन. 'मृज्' म्हणजेच पुसणं, घासणं. आज आपण तो फक्त चुकीच्या भरपाईसाठी वापरतो, पण मूळ अर्थ हिब्रू शब्दाच्या अगदी शेजारी बसतो. 'पापक्षालन'ही चालेल. मंदिरातल्या विधीबद्दल लिहिताना मी 'परिमार्जन' लिहीन, आणि दिवसाचं नाव 'योम किप्पूर' तसंच ठेवीन. 'प्रायश्चित्ताचा दिवस' हे मराठी बायबलमधलं नाव रुळलेलं आहे. ते एकदा द्यावं आणि पुढे जावं.

शंका : मी ख्रिस्ती आहे. 'प्रायश्चित्त' हा शब्द आमच्या प्रार्थनेत, उपदेशात लहानपणापासून ऐकला आहे. योहानाच्या पहिल्या पत्रात ख्रिस्ताबद्दल "तोच आपल्या पापांबद्दल प्रायश्चित्त आहे" असं आहे. तुमच्या व्याख्येनं ते चूक ठरतं. शिवाय रक्त सांडल्यावाचून क्षमा नाही, असं इब्री लोकांस पत्रात स्पष्ट म्हटलं आहे. मग ज्यूंचा विधी काय आणि ख्रिस्ताचं बलिदान काय, कल्पना एकच नाही का?

उत्तर : चूक मुळीच नाही. उलट तुम्ही दिलेलं वचन या चर्चेत सगळ्यात मोलाचं आहे. "तो प्रायश्चित्त करतो" असंही नाही. "तो प्रायश्चित्त आहे". हा प्रयोग मराठीत आधी नव्हता. एक माणूस दुसऱ्यांसाठी प्रायश्चित्त होऊ शकतो, हे ख्रिस्ती श्रद्धेनं या शब्दाला शिकवलं आणि मराठी ख्रिस्ती समाजानं तो अर्थ कितीतरी पिढ्या जपला. ख्रिस्ती सिद्धांताबद्दल लिहिताना हाच शब्द हवा. माझा आक्षेप एवढाच की तोच अर्थ मागे नेऊन लेवीयच्या विधीवर चढवू नये.

इब्री लोकांस पत्र योम किप्पूर डोळ्यांपुढे ठेवूनच लिहिलं आहे. महायाजक दरवर्षी दुसऱ्याचं रक्त घेऊन आत जात असे. ख्रिस्त स्वतःचं रक्त घेऊन एकदाच गेला, असा त्याचा युक्तिवाद आहे. 'एकदाच' हा त्या पत्राचा कणा आहे. पौलानंही रोमकरांस पत्रात (३:२५) ख्रिस्तासाठी जो ग्रीक शब्द वापरला, तो कोशाच्या त्या झाकणाचाच. मराठी बायबलमध्ये निर्गमात त्या झाकणाला 'दयासन' म्हटलं आहे, रोमकरांस पत्रात मात्र 'प्रायश्चित्त' आलं, त्यामुळे ग्रीक वाचकाला जो धागा दिसे तो मराठी वाचकाला दिसत नाही. हे नुकसान मला खरोखर मोठं वाटतं.

पण 'रक्तावाचून क्षमा नाही' हे वचन पूर्ण वाचा. त्याच ओळीत आधी "बहुतेक सर्व काही रक्ताने शुद्ध होते" असं आहे. 'बहुतेक' म्हणायचं कारण लेखकाला नियमशास्त्र, म्हणजे मोशेचे नियम, ठाऊक होतं. लेवीयच्या ५व्या अध्यायात पापबलीसाठी पायऱ्या आहेत : मेंढी किंवा बकरी, ती झेपत नसेल तर दोन पारवे किंवा पिलं, तेही परवडत नसेल तर एफाचा (धान्याच्या एका मापाचा) दशांश सपीठ, वर तेल नाही, धूप नाही. गरिबाच्या मूठभर पिठालाही क्षमा होती. रक्त हे मुख्य साधन होतं, एकमेव नव्हतं.

इसवी सन ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडलं आणि बोकड, वेदी, महायाजक सगळंच गेलं. रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, परंपरेत एक प्रसंग सांगतात. मंदिराचे अवशेष पाहून रब्बी यहोशुआ म्हणाले, इस्राएलाची पापं जिथे पुसली जात ती जागाच उद्ध्वस्त झाली. त्यावर योहानान बेन झक्काई यांनी समजावलं की तितकंच समर्थ साधन आपल्यापाशी अजून आहे, दयेची कृत्यं, आणि होशेय संदेष्ट्याचं वचन सांगितलं : 'मला यज्ञ नको, दया हवी.' मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूही हेच वचन दोनदा उच्चारतो. दोन्ही परंपरा एकाच ओळीवर उभ्या राहिल्या आणि तिथून वेगवेगळ्या दिशेनं गेल्या. एकीनं यज्ञाच्या जागी उपवास, प्रार्थना, दान आणि 'तशुवा' आणली. तशुवा म्हणजे परत फिरणं; आपला 'पश्चात्ताप' शब्द त्यातली जळजळ सांगतो, वळणं सांगत नाही. दुसरीनं यज्ञ ठेवला, पण तो एका माणसात आणि एकदाच पुरा झाला असं मानलं. म्हणून ज्यूंचा विधी हा ख्रिस्ती बलिदानाचा कच्चा खर्डा होता, असं सूचित करणारं वाक्य अनुवादात येऊ देऊ नये. आजचा योम किप्पूर अपुरा म्हणून कुणी पाळत नाही. मिश्नाची अट तर फार कडक आहे : माणूस आणि देव यांच्यातला अपराध हा दिवस पुसतो; माणसामाणसातला अपराध, ज्याला दुखावलं त्याची समजूत काढेपर्यंत पुसला जात नाही.

येशूची उपमा मुख्यतः कोणत्या जनावराशी दिली आहे तेही पाहा. योहान "देवाचा कोकरा" म्हणतो. पौल करिंथकरांस पत्रात वल्हांडणाचा कोकरा म्हणतो. वल्हांडणाचं कोकरू हे मिसरातून सुटकेचं चिन्ह, नियमशास्त्रात ते पापबली नाही. आरंभीच्या ख्रिस्ती लेखनात रानात घालवलेल्या बोकडाशी उपमा आढळते ती बर्णबाच्या नावावरच्या पत्रात, तीही त्या किरमिजी लोकरीसकट, पण ते पत्र नव्या करारात नाही. तेव्हा 'येशू बळीचा बकरा झाला' या वाक्यात कोकरू आणि दोन बोकड अशी तीन जनावरं एकत्र कोंबली गेली आहेत.

याच ओघात 'खंडणी'. मार्काच्या १०:४५ मध्ये मनुष्याचा पुत्र आपला जीव 'खंडणी' म्हणून देण्यास आला असं मराठी बायबल म्हणतं. हिब्रूत 'कोफेर' हा त्याच क-प-र धातूचा मानला जाणारा शब्द आहे, जिवाबद्दल भरायची रक्कम. निर्गम ३०मध्ये शिरगणतीच्या वेळी माणशी अर्धा शेकेल. पेशवाईतल्या कागदपत्रांत खंडणी म्हणजे राजरोस भरणा. आज तोच शब्द गुंडांच्या तोंडी गेला आहे. नव्या अनुवादात मी 'मुक्तिमूल्य' लिहीन.

शंका : ज्यूंमध्ये कोंबडं डोक्याभोवती फिरवायची प्रथा आहे ना? ती तर सरळ जिवाबद्दल जीव झाली.

उत्तर : आहे, 'कप्पारोत' म्हणतात. योम किप्पूरच्या आधी कोंबडं डोक्याभोवती फिरवून "हा माझा बदला, ही माझी अदलाबदल, हे माझं किप्पूर" अशा अर्थाचे शब्द म्हणायचे, मग कोंबडं कापून गरिबांना द्यायचं. पुष्कळ जण आज कोंबड्याऐवजी पैसे फिरवून दान करतात. 'ओवाळून टाकणे' हा आपला शब्द इथे नेमका लागू पडतो. तुमचा मुद्दाही रास्त आहे : एकाच्या बदली दुसरा, ही कल्पना ज्यूंना परकी नव्हती. मात्र बार्सिलोनाचे रब्बी रश्बा यांनी आणि पुढे सोळाव्या शतकात योसेफ कारो यांनी या प्रथेला विरोध केला, तर क्राकोच्या मोशे इसेर्लिस यांनी ती उचलून धरली. वाद घरातलाच आहे, आणि जुना आहे.

आणखी एक वाचक : कोकणातल्या बेने इस्राएल लोकांचा, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंचा, शब्द इथे नोंदवला पाहिजे. पंचांग, हिब्रू पोथ्या हाताशी नसतानाही त्यांनी हा दिवस पाळला आणि त्याला मराठी नाव दिलं : दरफळनीचा सण, म्हणजे दारं बंद करण्याचा सण. आंघोळ करून पांढरे कपडे घालायचे, कडकडीत उपवास करायचा, दारं लावून घरात बसायचं, बाहेरच्या कुणाचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. हिब्रूत या दिवसाच्या शेवटच्या प्रार्थनेला 'नईला' म्हणतात, त्याचाही अर्थ बंद करणं, स्वर्गाची दारं मिटणं. बेने इस्राएलांच्या नावात ना प्रायश्चित्त आहे ना बळी. दुसऱ्या दिवसाला ते 'शिळा सण' म्हणत. त्या दिवशी दारं उघडून गरिबांना दानधर्म करायचा आणि सोयऱ्याधायऱ्यांच्या भेटीला जायचं.