प्रादो संग्रहालय, माद्रिद: आईला कमीत कमी चालावं लागेल असं कसं बघावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आईसोबत माद्रिदला जातोय. प्रादोसाठी एकच दुपार आहे. सोमवार ते शनिवार संध्याकाळी ६ ते ८ प्रवेश मोफत असतो, पण त्या रांगेत तिचे गुडघे टिकणार नाहीत, म्हणून तिकीट काढूनच जाणार. वेलास्केझचं ‘लास मेनिनास’ (१६५६) आणि गोयाची १४ ‘काळी चित्रं’ बघायचीच. घराच्या भिंतींवर रंगवलेली आणि पुढे कॅनव्हासवर उतरवलेली ही चित्रं प्रत्यक्ष पाहायची तिला फार ओढ आहे. बाकी सुटलं तरी चालेल.

नकाशा पाहिलाय: ‘लास मेनिनास’ पहिल्या मजल्यावर, काळी चित्रं तळमजल्यावर. अंतराचा मात्र अंदाज येत नाही. व्हीलचेअरला आई तयार नाही. जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा, या दोन दालनांच्या जवळची लिफ्ट कोणती, आणि चित्रांसमोर बसायला बाक आहेत का?