थ्रीडी खटकतं ते नेमकं कुठे?
अ‍ॅनिमेतल्या (जपानी अ‍ॅनिमेशनमधल्या) थ्रीडीबद्दल "सीजी, म्हणजे संगणकावर केलेली चित्रं, ही पैसे वाचवायची पळवाट" असं एक मत ऐकू येतं, ते सरसकट पटत नाही. गाड्या, रणगाडे थ्रीडीत असले तर फारसं कुणी नावं ठेवत नाही. १९९८ च्या 'इनिशियल डी' मालिकेतल्या गाड्या थ्रीडीच होत्या (आज पाहिल्या तर खेळण्यातल्या वाटतात, ते सोडा). गोची होते ती माणसांची. टीव्हीवरच्या हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेत सेकंदाला २४ फ्रेम असल्या तरी एकच चित्र बऱ्याचदा ३ फ्रेम टिकतं, म्हणजे सेकंदाला जेमतेम ८ चित्रं. आपली नजर त्या ठेक्याला सरावलेली. त्यात संगणकातलं पात्र प्रत्येक फ्रेमला हललं की तरंगल्यासारखं दिसतं. म्हणून मुद्दाम मधल्या फ्रेम गाळायची युक्ती करतात.

२०१६ च्या 'बर्सर्क' मालिकेतल्या थ्रीडीवर भरपूर टीका झाली, मान्य. पण पुढच्याच वर्षी ऑरेंज स्टुडिओने 'होसेकी नो कुनी' मालिकेत माणसासारखी दिसणारी रत्नांची पात्रं थ्रीडीतच केली. तिथे फॉस या मुख्य पात्राचे केस बघा: मान वळली की चमक कडेकडेने सरकते, रंग आतून उजळतो. दर चित्रात हे हाताने रंगवायचं तर मालिकेच्या वेळापत्रकात कुणाच्या बापाला जमलं नसतं.