‘आठ वर्षांचा डबा फेका, नवीन घ्या’ म्हणणाऱ्यांना उत्तर

जुनाट_यंत्र (धागाकर्ता)

परवा दुसऱ्या एका धाग्यावर ढगातला_प्रोग्रामर यांनी लिहिलं, की ज्यांच्या पीसीवर विंडोज ११ चढत नाही त्यांनी रडगाणं थांबवावं, आठ-नऊ वर्षांचा डेस्कटॉप म्हणजे भंगार, पंचवीस-तीस हजारांत मिनी पीसी येतो तो घ्यावा आणि विषय संपवावा. तिथेच दोन ओळी खरडणार होतो, पण डोकं फिरलं म्हणून हा वेगळा धागा.

माझ्याकडे २०१७ चा आय५-७४०० आहे. आठ जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी लावलेली. विंडोज ११ ला टीपीएम २.० (किल्ल्या जपणारी सुरक्षा-सोय) लागतं, म्हणून बायोसमध्ये जाऊन इंटेलचं पीटीटी चालू केलं, ते दिसायला लागलं. डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची होती, ती एमबीआरटूजीपीटी या टूलने बदलली, लेगसी (जुन्या पद्धतीचं) बूट बंद करून नव्या यूईएफआयवर आणलं, फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारं सिक्युअर बूटही लागलं. मग मायक्रोसॉफ्टचं तपासणी-टूल हेल्थ चेक चालवलं. सगळीकडे हिरवी खूण आणि एका ओळीत लाल फुली: प्रोसेसर यादीत नाही. इंटेलची यादी आठव्या पिढीपासून सुरू होते. सातव्या पिढीतले अपवाद मोजकेच, आणि त्यात आय७-७८२०एचक्यू आहे. तो कुठे होता? कंपनीच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २ मध्ये! म्हणजे घरचं गिऱ्हाईक सांभाळायचं आणि बाकीच्यांनी भंगारवाल्याला हाक मारायची.

विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आलं, १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे फुकट अपडेट, संपला. दहा वर्षं दिली, त्याबद्दल ब्र काढत नाही. पण या यंत्रावर वडील बँकेचं काम करतात, मुलगी शाळेचे प्रोजेक्ट करते, मी भाडेकरार टाइप करतो. अडतंय कुठे? मी रूफस या टूलने, जे या अटी वगळून देतं, पेनड्राइव्ह बनवून ११ चढवणार आहे. कुणी केलं असेल तर अनुभव सांगा. उपदेश नको.

ढगातला_प्रोग्रामर

माझ्या चार ओळींवर अख्खा धागा! सन्मान समजतो.

पीटीटी, एमबीआर, यूईएफआय... वाचतानाच दमलो. हे सगळं करण्यात तुमचे रविवार गेले, त्यांची किंमत कुणी धरायची? आपल्याकडे स्वतःचा वेळ फुकट असतो, हाच खरा रोग आहे. आणि पुढच्या मोठ्या अपडेटला हीच कसरत पुन्हा. यादीबाहेरच्या यंत्राला महिन्याचे सिक्युरिटी पॅच आज मिळतात, पण मिळतीलच अशी हमी कंपनी देत नाही, हे तुम्ही लिहायचं सोयीस्कर टाळलंत.

आळशी_बोका

एवढी मारामारी कशाला? विंडोज १० आयओटी एंटरप्राइझ एलटीएससी २०२१ (कंपन्यांसाठीची, लांब सपोर्टची आवृत्ती) टाका. जानेवारी २०३२ पर्यंत पॅच येतात. झोपा निवांत.

सर्व्हर_रूम

आणि त्याचं लायसन्स घरगुती माणसाला कोण देणार? पाचशे रुपयांत ‘ओरिजिनल की’ विकणारे? असो.

धागाकर्ते, चीड समजू शकतो, पण टीपीएम आणि सिक्युअर बूटची अट केवळ खोडसाळपणा नाही. २०१८ च्या जानेवारीत स्पेक्टर-मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या त्रुटी बाहेर आल्या तेव्हापासून जुन्या प्रोसेसरांची कटकट सगळ्यांना माहीत आहे. ‘माझ्या डब्यात चोरायला काय आहे’ म्हणणाऱ्यांनी जून २०१७ आठवावा. नॉटपेट्या हा व्हायरस पसरला आणि आपल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. युक्रेनमध्ये लागलेली आग उरणपर्यंत आली. वडील त्याच यंत्रावर बँकेचं काम करतात असं तुम्हीच लिहिलंय.

जुनाट_यंत्र

नॉटपेट्या शिरला कुठून तेही सांगा की. युक्रेनमधल्या एका कर-हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून! नियमाने अपडेट करणारेच आधी बळी पडले.

आणि यादी आखण्याचं तांत्रिक कारण म्हणून नेहमी मेमरी इंटिग्रिटी या विंडोजच्या सुरक्षा-सोयीचं नाव पुढे केलं जातं. ती वेगाने चालायला लागणारं एमबीईसी (प्रोसेसरमधली सोय) इंटेलमध्ये कॅबी लेकपासून आहे. कॅबी लेक म्हणजे सातवी पिढी. म्हणजे माझीच. उलट एएमडीच्या रायझन २००० मधल्या झेन प्लसमध्ये तशी सोय नाही, तरी तो यादीत बसतो. आता बोला.

सर्व्हर_रूम

एमबीईसीचा मुद्दा बरोबर आहे. रेषा सातव्या-आठव्याच्या मधोमध का मारली, याचं समाधानकारक उत्तर माझ्याकडेही नाही. झालं समाधान?

पण नॉटपेट्याची अर्धीच गोष्ट सांगू नका. शिरला अपडेटमधून, पण आत शिरल्यावर पसरला तो चोरलेल्या पासवर्डांवर आणि मार्च २०१७ मध्येच निघालेला पॅच न लावलेल्या यंत्रांवर. पॅच न घेणं हा त्यावरचा उपाय कसा होतो?

पत्रिकावाले_काका

तुमचं ते टीपीएम राहू द्या बाजूला. माझा प्रश्न वेगळा आहे आणि तो कुणीच सोडवत नाही.

साताऱ्यात माझं छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, मंडळांची पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. पानं जुळवायचं पेजमेकर ७ आणि जुन्या मराठी फॉन्टांचा संच, ज्याला डोंगल (संगणकाला जोडायची किल्ली) लागतं. हे सगळं विंडोज १० च्या ३२-बिटवर गुण्यागोविंदाने चाललंय. ११ हे ३२-बिटमध्ये निघतच नाही आणि डोंगलचा ड्रायव्हर ३२-बिट, तो ६४-बिटवर चढत नाही. ज्याच्याकडून संच घेतला तो म्हणतो नवी आवृत्ती विकत घ्या. घेतोही, पण जुन्या फाइली तशाच्या तशा उघडतील का विचारलं की फोन ठेवतो. पतसंस्थेचा अहवाल दरवर्षी तोच असतो, आकडे आणि संचालकांचे फोटो बदलायचे. तो पुन्हा पहिल्यापासून जुळवू?

पेंग्विनप्रेमी

काका, या गुलामीतून बाहेर पडा. धागाकर्ते तुम्हीही. लिनक्स मिंट २२ टाका, २०२९ पर्यंत निश्चिंत. टीपीएम विचारत नाही, पिढी विचारत नाही, खातं मागत नाही. केरळातल्या सरकारी शाळा कित्येक वर्षं लिनक्सवर चालतात आणि आपण इथे हेल्थ चेकच्या लाल फुलीवर रडतोय. छपाईला पानं जुळवायचं स्क्रायबस १.६ आहे, त्यात देवनागरी जोडाक्षरं नीट दिसतात. फाइली एकदाच युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-प्रमाणात) आणा. आजच्या काळात युनिकोड नसलेलं मराठी म्हणजे मराठीचं नुकसान आहे, स्पष्ट बोलतो.

सीए_ऑफिसची_ताई

आले लिनक्सवाले. टॅलीचं काय करू? डिजिटल सहीचा टोकन लावून रिटर्न भरायचं असतं त्याचं काय? वीस तारखेला रात्री अकरा वाजता सही उमटत नसेल तर तुम्हाला फोन करू का, सांगा. नंबर देऊन ठेवा.

आणि जो कुणी काहीही चढवणार असेल त्याने आधी बॅकअप घ्या. आमच्या ऑफिसात एका संगणकवाल्याला ‘अकरा टाकून दे’ म्हटलं. मशीन लेगसी बूटवर होतं, इन्स्टॉलर म्हणाला या डिस्कवर होत नाही. याने सरळ सगळ्या पार्टिशन उडवल्या. टॅलीचा डेटा डी ड्राइव्हवर होता. ‘मॅडम, मला वाटलं सी आणि डी वेगळ्या डिस्क आहेत.’ नंतर तीन मुली बसून व्हाउचर पुन्हा टाकत होत्या. मलाही नवीन मशीन परवडतं, प्रश्न पैशाचा नसतो नेहमी.

पत्रिकावाले_काका

@पेंग्विनप्रेमी, मराठीचं नुकसान मी करतोय? मी? तुमच्या जन्माआधीपासून मराठी जुळवतोय. माझ्याकडचा मुलगा टंकयंत्रावर शिकून मिनिटाला ४० शब्दांची परीक्षा पास झालाय, बोटं रेमिंग्टनच्या (टंकयंत्राच्या) कळफलकावर बसलीत. त्याला आता फोनेटिक (इंग्रजी अक्षरांतून मराठी) शिकवू? तुमच्या फोनेटिकवाल्यांचे ‘दुसर्‍या’ आणि ‘दुसऱ्या’ एका पानात दोन प्रकारे येतात, फॉन्ट बदलला की एकीकडे अर्धा र बिघडतो. गिऱ्हाईक मला विचारतं, तुम्हाला नाही.

पेंग्विनप्रेमी

फोनेटिक कोण म्हणालं? इनस्क्रिप्ट, हा सरकारी प्रमाण कळफलक, शिका. शिफ्ट-जे, डी, स्लॅश: झाला ऱ्य. शिफ्ट-एन म्हणजे ळ. भारतातल्या बहुतेक लिप्यांना एकच मांडणी. आठवडाभर त्रास होतो, मग बोटं आपोआप पळतात.

बोरू

इनस्क्रिप्ट तर्कशुद्ध आहे म्हणणाऱ्यांनी दिवसाला बारा पानं टाइप करून दाखवावीत. मी न्यायालयात टंकलेखन केलंय. तर्क तिथे उपयोगी पडत नाही, सवय पडते. काकांना +१.

पेंग्विनप्रेमी

मग टाइपरायटरच वापरा! त्याला ड्रायव्हरही लागत नाही.

पत्रिकावाले_काका

वापरलाय. तुमच्यासारखा उर्मटपणा न करता वापरलाय.

पेंग्विनप्रेमी

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

आळशी_बोका

काय होतं त्यात? मी चहा आणेपर्यंत उडवला :(

सीए_ऑफिसची_ताई

धागा विंडोज ११ चा होता ना? कळफलकाची कुस्ती दुसरीकडे घ्या. धागाकर्त्यांसाठी: घाई नसेल तर विंडोज १० च्या ईएसयूला (सपोर्ट संपल्यावरही पॅच देणाऱ्या योजनेला) नाव नोंदवा. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्ज सिंक केल्या तर फुकट, नाहीतर १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत पॅच मिळतात. आमच्या दोन मशीनना तेच केलंय.

जुनाट_यंत्र

ताई, पहिला कामाचा प्रतिसाद. पण खात्याची सक्ती आलीच ना मागच्या दाराने. वडिलांच्या यंत्राच्या सेटिंग्ज अमेरिकेतल्या सर्व्हरवर कशाला?

ढगातला_प्रोग्रामर

फुकट दिलं तरी तक्रार, विकत घ्या म्हटलं तरी तक्रार. ज्या फोनवरून हे लिहिताय त्यात कुठलं खातं आहे?

तीन_पिना

माझा अनुभव, कुणी विचारला नसला तरी. घरच्या सहाव्या पिढीवर रूफसची पेनड्राइव्ह वापरून ११ टाकलं, उत्तम चालतं. विंडोज १० ची डिजिटल लायसन्स होती, ॲक्टिव्हेशन आपोआप झालं. जुनी सातची की वापरायचा विचार असेल तर सोडा, ती सप्टेंबर २०२३ पासून नव्या इन्स्टॉलला चालत नाही. वर्षाची मोठी आवृत्ती मात्र स्वतःहून येत नाही. नवी आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) उतरवून पुन्हा तोच उद्योग, तेवढं ढगातले बरोबर बोलले. आणि कोअर टू ड्युओवाल्यांनी हौस करू नये. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट सूचना नसेल तर बूटच होत नाही, तिथे रूफस काही करू शकत नाही.

सर्व्हर_रूम

@जुनाट_यंत्र, सातव्या पिढीवर चढवा, मला हरकत नाही, फक्त आयएसओ दरवर्षी आठवणीने घाला. ‘चालतंय ना’ म्हणून तीन वर्षं तसंच ठेवणारे लोक मला रोज भेटतात.

@काका, तुमच्यासाठी एक मार्ग आहे. ते ३२-बिट विंडोज व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकातल्या आभासी संगणकात) हलवा, आतल्या विंडोजचं नेट बंद ठेवा. यूएसबी डोंगल आत जोडता येतं. बाहेर ११ किंवा लिनक्स, जे हवं ते.

पत्रिकावाले_काका

डोंगल यूएसबी नाही. मागे प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या पोर्टला लागतं. दोन्ही बाजूंना स्क्रू आहेत, आणि त्याच्याच पाठीवर पूर्वी प्रिंटरची केबल लागायची.

सर्व्हर_रूम

मग व्हर्च्युअलबॉक्सचा नाद सोडा. ते यंत्र आहे तसंच ठेवा, हात लावू नका, फक्त नेटची केबल काढा आणि परत लावू नका. डिस्कची पूर्ण इमेज (हुबेहूब प्रत) काढून दोन ठिकाणी ठेवा, कारण ती डिस्क गेली तर सगळंच जाईल. पीडीएफ काढून पेनड्राइव्हने छपाईला.

पत्रिकावाले_काका

आणि गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर नवरा-नवरीचे फोटो पाठवतं, ते कुठे घेऊ?

सर्व्हर_रूम

दुसऱ्या यंत्रावर.

ढगातला_प्रोग्रामर

म्हणजे शेवटी नवीन घ्याच! मी काय वेगळं म्हणत होतो?

पत्रिकावाले_काका

तुम्ही जुनं फेका म्हणत होतात. तीस हजार वगैरे मी देणार नाही. सेकंडहँडमध्ये काय बघू ते सांगा.

तीन_पिना

ऑफिसांतून निघालेले आठव्या पिढीचे डेस्कटॉप मिळतात. मुंबईला येणं झालं तर लॅमिंग्टन रोडला चार दुकानं फिरा, पहिल्याच दुकानात ठरवू नका. आय५-८५०० असला तर ११ विनाकटकट चढतं. रॅमचे भाव सध्या चढलेत, म्हणून आठ जीबी आत असलेलाच घ्या, नंतर टाकू म्हणू नका. क्रिस्टलडिस्कइन्फो चालवून एसएसडीची तब्येत समोर बघा आणि बिल घ्या.

पत्रिकावाले_काका

बरं. पुढच्या आठवड्यात कागद आणायला यायचंच आहे, बघतो. रेमिंग्टनबद्दल मी माघार घेतलेली नाही, हे पेंग्विनवाल्यांनी लक्षात ठेवावं.