चौदाव्या वर्षी शाळेचा डबा कोणी भरावा?

पहाटवारा

माझी मुलगी १४ वर्षांची आहे आणि तिचा शाळेचा डबा आजही रोज सकाळी मीच भरते. मागच्या महिन्यात एका सोमवारी तिच्या दप्तराच्या तळाशी शुक्रवारचा डबा सापडला. झाकण काढायला जोर लावावा लागला. आतल्या रबराच्या कडीवर हिरवट बुरशी धरली होती आणि खालचे अन्न मी भरले होते तसेच्या तसे होते. अन्न वाया गेल्याचे दुःख झालेच, पण तीन दिवस तिला त्या डब्याची आठवणही झाली नव्हती, हे अधिक लागले. काय द्यायचे ते ठरवणे माझ्याकडे, भरणे माझ्याकडे, घासणेही माझ्याकडे. तिच्या वाट्याला फक्त खाणे उरले होते आणि तेही तिने केले नव्हते.

तेव्हापासून माझे मत असे बनले आहे की मूल तेरा-चौदा वर्षांचे झाले की आईवडिलांनी त्याचा डबा भरणे थांबवावे. जे मूल बीजगणिताची समीकरणे सोडवते आणि घरातल्या मोठ्यांना मोबाइलच्या अडचणींतून बाहेर काढते, त्याला दोन कप्पे भरून झाकण लावता येणार नाही असे मानणे म्हणजे त्या मुलाला कमी लेखणे आहे. चार-पाच वर्षांत ही मुले शिक्षणासाठी किंवा कामासाठी घराबाहेर पडतील. आपल्याला किती भूक लागते, कोणते अन्न दुपारपर्यंत चांगले राहते, घरात काय संपत आले आहे, याचा अंदाज काही एका रात्रीत येत नसतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराच्या पाचव्या कलमात आईवडिलांचे मार्गदर्शन मुलाच्या वाढत्या क्षमतांना साजेसे असावे, अशा अर्थाची तरतूद आहे. ते कलम डब्यासाठी लिहिलेले नाही हे मला कळते, तरी क्षमता वाढत जाईल तशी आपली मदत मागे घेत जावी हा त्यातला विचार स्वयंपाकघरालाही लागू पडतो, असे मला वाटते. ज्यांचे मत वेगळे असेल त्यांनी अवश्य लिहावे.

दिवेलागण

आपली व्यथा समजली, निष्कर्ष मात्र पटला नाही. मी १५ वर्षांच्या मुलाचा बाप आहे आणि त्याचा डबा मी भरतो. तेरा ते अठरा या वयाला रोज आठ ते दहा तास झोप हवी, असे झोपेचा अभ्यास करणारे डॉक्टर सांगतात. शिवाय वयात येताना शरीरातले घड्याळच पुढे सरकते, झोपेची वेळ झाल्याचे शरीराला कळवणारे मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागते आणि मुलाने मनावर घेतले तरी त्याला लवकर झोप लागत नाही. शाळेची घंटा काही त्यासाठी थांबत नाही. अशा मुलाकडे सकाळची वीस मिनिटे मागायची, तर ती त्याच्या झोपेतूनच काढावी लागतात. ती मिनिटे माझ्याकडे आहेत, म्हणून मी देतो.

दुसरे कारण माझ्या मनाजवळचे आहे. माझे काम दुपारी सुरू होते आणि मी घरी परततो तेव्हा मुलगा झोपलेला असतो. आठवड्यातले पाच दिवस माझ्या हातून त्याच्यासाठी घडते ते एवढेच, आणि तेही मी सोडून द्यावे असे आपले म्हणणे आहे. काळजी घेतली की मूल परावलंबी होते, हे मला मान्य नाही. मोठी माणसेही एकमेकांना ताट वाढून देतात आणि त्यामुळे कोणाचे हात लुळे पडलेले मी पाहिले नाहीत.

खडूफळा

मी माध्यमिक शाळेत शिकवते आणि मधल्या सुट्टीत व्हरांड्यात असते, त्यामुळे डबे उघडताना आणि न उघडतानाही पाहते. काही वर्षांपूर्वी आठवीतला एक मुलगा पाण्याच्या नळांमागे उभा राहून डब्यातले अन्न कचऱ्याच्या पेटीत टाकताना मला दिसला. त्याने सगळे टाकले नाही, तळाशी दोन घास ठेवले आणि झाकण लावले. मी कारण विचारले तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "डबा अगदी स्वच्छ दिसला तर आईला शंका येते, आणि खूप उरलं तर तिला वाईट वाटतं. ती पाचला उठते, मॅडम. नको म्हणून कसं सांगू?" त्याला शिक्षा करण्याचे माझ्या मनातही आले नाही. आईच्या कष्टांची त्याला पुरेपूर जाणीव होती, आणि खोटेपणा सुरू झाला होता तो त्या जाणिवेपोटीच.

म्हणून मी बऱ्याच अंशी पहाटवारा यांच्या बाजूची आहे. डब्यात काय असावे हे मुलानेच ठरवले असेल तर ते लपवून टाकण्याची वेळ त्याच्यावर येत नाही. मात्र "उद्यापासून तुझे तू बघ" असे एका सकाळी जाहीर करणाऱ्या घरांतली मुलेही मी पाहते. पहिला आठवडा ती उत्साहाने डबा आणतात, दुसऱ्या आठवड्यात मित्रांच्या डब्यात हात घालतात आणि तिसऱ्यात गोड पेयावर दुपार काढतात. शेवटच्या तासाला बाकावर डोके टेकणाऱ्यांत मग त्यांची भर पडते.

दिवेलागण यांना एक विचारावेसे वाटते. आपल्या मुलाचा डबा रोज रिकामा परत येत असेल, तर तो त्यानेच खाल्ला हे आपल्याला कसे कळते?

पहाटवारा

झोपेचा मुद्दा रास्त आहे, पण त्यासाठी डबा मोठ्यांनीच भरायला हवा असे नाही. रात्री जेवणे झाल्यावर दहा मिनिटांत मुलाला स्वतःचा डबा भरून ठेवता येईल. त्याला तेव्हा झोप येत नसतेच, असे आपणच लिहिले आहे.

मोजमाप

मी आहारतज्ज्ञ आहे, म्हणून रात्री भरलेल्या डब्याबद्दल आधी लिहिते, कारण ही सूचना जशीच्या तशी कोणी अमलात आणू नये. शिजवलेले अन्न साध्या तापमानाला दोन तासांहून अधिक ठेवू नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या टप्प्यात जंतू झपाट्याने वाढतात. काही जंतूंची बीजे शिजवण्यातूनही वाचतात आणि त्यांनी सोडलेली काही विषे सकाळी अन्न पुन्हा गरम केले तरी नष्ट होत नाहीत. रात्रीचे अन्न कोमट असतानाच डब्यात भरले, झाकण घट्ट लावले आणि डबा सकाळपर्यंत ओट्यावर राहिला, तर जंतूंसाठी याहून सोयीची जागा नाही. रात्री भरायचे असेल तर अन्न पसरट भांड्यात लवकर निववून फ्रिजमध्ये ठेवावे आणि शाळेतही ते थंड राहील अशी सोय करावी. गरम द्यायचे असेल तर उष्णता धरून ठेवणारा डबा उकळत्या पाण्याने आधी तापवून घ्यावा आणि वाफाळते अन्न त्यात काठोकाठ भरावे. डबा मुलाच्या हाती सोपवताना ही माहितीही त्याच्या हाती पडली पाहिजे, आणि ती सहसा पडत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येते. अमेरिकेतल्या प्रमाणित आहारमानकांनुसार ९ ते १८ या वयात रोज १३०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, तर तिशीतल्या माणसाला १००० पुरते. १४ ते १८ वयाच्या मुलींना १५ मिलिग्रॅम लोह लागते आणि त्याच वयाच्या मुलांना ११. म्हणजे हाडे भरण्याचा आणि पाळीमुळे लोह कमी होण्याचा काळ नेमका तोच, ज्या काळात आपण त्यांच्या डब्यावरची नजर काढून घ्यायला निघालो आहोत. वनस्पतिजन्य अन्नातले लोह शरीरात नीट उतरायचे तर सोबत क जीवनसत्त्वाचे काहीतरी हवे, हे चौदा वर्षांच्या मुलाला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

आकड्यांपेक्षा मला एका मुलीची अधिक काळजी वाटली होती. ती १५ वर्षांची, आपला डबा आपणच भरणारी, आणि घरात सगळे तिचे कौतुक करत होते. तीन-चार महिन्यांत तिचा डबा मोठ्यावरून मधल्या आकाराचा झाला, मग लहान झाला, आणि शेवटी त्या लहान डब्यात काकडीचे काप तेवढे जाऊ लागले. तिची पाळी थांबली तेव्हा आईवडील तिला घेऊन आले. खाण्याचे आजार बहुधा याच वयात डोके वर काढतात. डबा आईवडिलांनी भरला असता तर तो आजार टळला असता असा माझा दावा नाही, पण कोणाच्या तरी लक्षात तो कितीतरी आधी आला असता. त्यामुळे डबा भरणे पूर्णपणे सोडून देण्याला माझा विरोध आहे.

मागचा बाक

मी १६ वर्षांचा आहे आणि दोन वर्षांपासून माझा डबा मीच भरतो. मोठ्यांच्या या चर्चेत आमच्यापैकीही कोणीतरी लिहावे असे वाटले, म्हणून लिहीत आहे.

डबा भरणे अवघड नाही, अवघड त्याच्या आधीचे असते. आईने "तुझा तू भर" असे सांगितले, पण घरात काय आणायचे हे तीच ठरवत होती, त्यामुळे पहिले सहा महिने मी तिच्याच मनातला डबा माझ्या हातांनी भरत होतो. मला काही सुचले तरी त्याचे सामान घरात नसायचे. मग आम्ही असे ठरवले की रविवारच्या यादीतल्या चार ओळी माझ्या. त्यानंतरच तो डबा माझा झाला. पहाटवारा काकूंना माझी विनंती आहे की मुलीच्या हाती नुसता रिकामा डबा देऊ नका, यादीतल्या काही ओळीही द्या.

मोजमाप काकूंचे म्हणणे वाचून भीती वाटली आणि ते खरेही असेल. तरीही रोज संध्याकाळी डब्याची झडती होत असेल, तर भूक नसल्याचे साधे कारणसुद्धा घरी सांगावेसे वाटत नाही. माझ्या वर्गात तरी ज्यांच्या घरी अशी तपासणी होते, तीच मुले डब्याबद्दल सर्वांत जास्त खोटे बोलतात. आम्ही काय खातो हे जाणून घ्यायचे असेल तर रात्री आमच्याबरोबर जेवायला बसा, तिथे न विचारता कळते.

दिवेलागण काका, तुमच्या मुलाचा मला थोडा हेवाही वाटला, हे कबूल करतो. परीक्षेच्या दिवसांत आई अजूनही माझा डबा भरते आणि तो उघडताना मला बरे वाटते.

तिन्हीसांज

दोन्ही बाजूंनी लिहिणाऱ्यांनी एक प्रश्न सोडला आहे. मुलांनी डबा भरायला शिकावे हे तत्त्व मांडले जाते, आणि घरात मुलगा व मुलगी दोन्ही असतील तर शिकते ती मुलगी. आमच्या घरी हेच झाले आणि ते करणारी मीच होते. मुलीच्या तेराव्या वर्षी मी तिच्या हाती डबा दिला, आणि तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या मुलाचा डबा मात्र शाळा संपेपर्यंत मी भरला, कारण त्याला अभ्यास होता. अभ्यास तर तिलाही होता. तिने हे मला बोलून दाखवले तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हणून मला असे वाटते की वय कोणतेही ठरवा, पण ते घरातल्या प्रत्येक मुलासाठी एकच ठरवा. आणि मुलांना सोपवण्याआधी घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाला डबा भरता येतो का, हेही पाहा. दिवेलागण यांच्यासारखे बाप मला फारसे भेटलेले नाहीत.

पहाटवारा

सर्वांचे प्रतिसाद दोनदा वाचले. काल मुलीशी बोलले, आणि त्या शुक्रवारबद्दल जे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवे होते ते काल विचारले. मधल्या सुट्टीची वीस मिनिटे स्नेहसंमेलनाच्या सरावात गेली होती आणि डबा उघडायला उसंतच मिळाली नव्हती. घरी आल्यावर मी रागावेन म्हणून तिने तो तळाशी ढकलला होता. म्हणजे ती विसरली असे मी जे वर लिहिले आहे, ते चुकीचे होते.

माझे मूळ मत मी सोडलेले नाही. डबा तिच्याकडेच जायला हवा, मात्र तो एका सकाळी सोपवण्याचा विचार सोडला आहे. पहिले दोन महिने काय न्यायचे हे ती ठरवेल आणि घरी आल्यावर डबा रबर काढून घासून ठेवेल. गरम-थंडाचे नियम दोघींनी मिळून शिकायचे आहेत, कारण उष्णता धरणारा डबा आधी तापवून घ्यायचा असतो हे इतकी वर्षे मलाही ठाऊक नव्हते. भरण्याचे काम त्यानंतर, आणि परीक्षेच्या दिवसांत पुन्हा माझ्याकडे. यादीतल्या चार ओळी तिने कालच मागून घेतल्या.

दिवेलागण

खडूफळा मॅडमनी विचारलेला प्रश्न दोन दिवस डोक्यात होता. आज सकाळी मुलगा उठल्यावर मी त्याला तो सरळ विचारला. थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग त्याने सांगितले की वरचा कप्पा तो रोज संपवतो, पण खालचा कप्पा जवळजवळ वर्षभर त्याच्या बाकावरचा मित्र खात आला आहे, कारण त्या मित्राच्या घरून डबा येत नाही. खालच्या कप्प्यात मी जे भरत होतो ते माझ्या मुलाला आवडतही नव्हते. ते त्या दुसऱ्या मुलाला आवडते.

मी डबा भरणे थांबवणार नाही. उद्यापासून वरच्या कप्प्यात काय असावे हे माझा मुलगा सांगेल. खालच्यासाठी त्याने मित्राला विचारून यावे, असे मी त्याला सांगितले आहे, आणि तो कप्पा थोडा मोठा असलेला डबा आज शोधायचा आहे.