मदत हवी: जुनी क्लिप शाळेच्या टीव्हीवर चालंना, परवा कार्यक्रम आहे

घनसावंगीकर: १७ सप्टेंबरला आठवीच्या लेकरांना हैदराबाद मुक्तीचं जुनं चित्रीकरण दाखवायचंय. क्लिप सापडली, फोनवर मस्त दिसते. शाळेत नुसतं गोल गोल फिरतं. पेनड्राइव्हवर घेतली तर टीव्ही म्हणतो फाइल सपोर्ट करत नाही. लवकर सांगा.

कन्नडचा_राजू: कोणती क्लिप? शाळेत नेट कशाचं? फाइलच्या नावाच्या शेवटी काय लिहिलंय?

मोंढा_नाका: सर, दीक्षा अ‍ॅप घ्या. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की व्हिडिओ हजर.

घनसावंगीकर: दीक्षा माहितीये हो. मला १९४८ चं चित्रीकरण पाहिजे! ब्रिटिश पाथे या जुन्या बातमीपटवाल्या कंपनीची क्लिप आहे, यूट्यूबवरून उतरवली. शेवटी एमकेव्ही. नेट माझ्याच फोनचं, वर्गात एक कांडी येते.

काळा_कोट: यूट्यूबवरून असं उतरवणं त्यांच्या अटींत बसत नाही. दाखवायला हरकत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित लोक एवढेच असले, तर शाळेच्या कार्यक्रमात चित्रपट चालतो. अख्खं गाव बोलावू नका.

मोंढा_नाका: वकीलसाहेब, १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनाला गाव नसतं अशी एक शाळा दाखवा मराठवाड्यात.

परळी_वैजनाथ: क्लिपचं एवढं काय? स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ यांच्याबद्दल लेकरांना सांगा. गावात पंच्याऐंशीच्या पुढचं कोणी असेल तर खुर्चीवर आणून बसवा. रझाकारांची आठवण त्यांच्या तोंडून ऐकू द्या, परदेशी कॅमेरेवाल्याला काय ठाऊक?

कन्नडचा_राजू: आजोबाही बोलवा, क्लिपही दाखवा, भांडण कशाला. सर, घरच्या वायफायवर यूट्यूब अ‍ॅपमध्येच ऑफलाइन सेव्ह करा आणि फोन केबलनं टीव्हीला लावा.

बॅटरी_डाऊन: सगळ्याच फोनच्या टाइप-सी मधून टीव्हीला चित्र जात नाही राजूभाऊ. मी केबल आणून पस्तावलो. लॅपटॉप असता तर काम सोपं होतं.

घनसावंगीकर: लॅपटॉप आहे की ऑफिसात.

बॅटरी_डाऊन: मग इतका वेळ सांगितलं का नाही?! एचडीएमआय केबल लावा, व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये फाइल उघडा. टीव्हीच्या फॉरमॅटचा संबंधच उरत नाही.

घनसावंगीकर: चालली! पण आवाज येईना. केबल बदलून बघितली.

कन्नडचा_राजू: फोनवर येत होता का?

घनसावंगीकर: फोनवर आवाज बंद करूनच बघितली होती, घरी लेकरू झोपलेलं.

कन्नडचा_राजू: मग क्लिपच मुकी असणार. पाथेच्या कितीतरी क्लिपांना आवाजच नाही. केबलवर पैसे घालू नका. आठवीच्याच पोरांना निवेदन लिहायला लावा. १३ सप्टेंबरला भारताच्या फौजा घुसल्या, १७ ला निजामानं शस्त्रसंधी जाहीर केली, भारताच्या जनरल चौधरींपुढं निजामाचा सेनापती एल एद्रूस याची शरणागती १८ ला. तारखा तेवढ्या तपासून घ्या, भाषणात सगळं १७ लाच उरकतात.

मोंढा_नाका: निवेदन दीक्षावर मिळेल का बघू?