‘दीड हजारात दिवस उजाडतो’ म्हणे! (जुन्या पिकअपचे हेडलाइट आणि वायरिंग)

वायरमन_द्वारका
एक पोस्ट सगळ्या ग्रुपवर फिरतेय: "जुन्या पिकअपला दीड हजाराची एलईडी जोडी टाका, वायरिंगला हात लावायची गरज नाही, कसारा घाटात दिवस उजाडतो." खाली अंगठ्यांचा पाऊस. लिहिणाऱ्याने आयुष्यात कधी मल्टिमीटर हातात धरलाय का?

गाडी जुनी झाली की लाइट मंद होतो, तेव्हा बल्बचा दोष क्वचितच असतो. बल्बपर्यंत व्होल्टेजच पोचत नाही. गाडी चालू असताना बॅटरीवर १४ च्या आसपास दिसतं. तेच बल्बच्या होल्डरच्या पिनांवर, लाइट चालू ठेवून मोजा. साडेअकरा-बारा मिळालं तर नशीब. मधले दोन व्होल्ट जातात कुठे? बारीक वायर, हिरवे पडलेले कनेक्टर, झिजलेला कॉम्बी स्विच (स्टिअरिंगजवळचा लाइटचा स्विच) आणि गंजलेला अर्थ (करंट बॅटरीच्या निगेटिव्हला परत नेणारी जोडणी). आणि व्होल्टेज १० टक्के पडलं की हॅलोजनचा उजेड १० टक्के पडत नाही, जवळजवळ ३० टक्के पडतो.

म्हणून आधी रिले, म्हणजे थोड्या करंटवर उचलला जाऊन बॅटरीचा मोठा करंट बल्बला जोडणारा स्विच. बॅटरीवरून सरळ अडीच स्क्वेअर मिलिमीटरची वायर, बॅटरीलगत फ्यूज, अप्परला (लांबचा लाइट) एक आणि डिपरला (जवळचा लाइट) एक रिले, सिरॅमिक होल्डर, आणि दोन्ही बल्बांचा अर्थ पत्र्याला न देता थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. जुना स्विच मग फक्त रिले उचलायचं काम करतो. बल्ब तोच ६०/५५ वॅटचा ठेवा आणि फरक बघा. गॅरेजला रोज एक तरी गाडी जळक्या स्विचचा वास घेऊन येते, म्हणून इतकं लिहिलं.

टोमॅटोवाला_पिंपळगाव
ती पोस्ट माझी आहे. मल्टिमीटर माझ्याकडेही आहे, त्यामुळे तुमच्याच भाषेत बोलतो. दोन ५५ चे बल्ब म्हणजे नऊ अँपिअर. एलईडी जोडी त्याच्या निम्म्यावर चालते. लोड कमी झाला की जुन्या वायरला आरामच ना? मग दोन-तीन हजाराचं रिले वायरिंग कशाला? तुमचं दुकान चालावं म्हणून? रात्री क्रेट भरून मुंबईला निघायचं असतं, गाडी दोन दिवस गॅरेजला उभी ठेवायला आम्हाला परवडत नाही.

वायरमन_द्वारका
लोड कमी होतो, हे शंभर टक्के खरं. टाळ्या. पण गंजलेला अर्थ एलईडीने बरा होत नाही. आज लाइट फडफडेल, उद्या इंडिकेटर दिला की पार्किंग लुकलुकेल, मग याच ग्रुपवर "एलईडी डुप्लिकेट निघाला" म्हणून पोस्ट टाकाल. आणि दोन दिवस कोण म्हणालं? रिलेसकट तयार हार्नेस (वायरींचा संच) मिळतो, सकाळी लावला की दुपारी गाडी तुमची.

गंगापूररोडकर
वायरिंगचं जाऊ द्या, समोरच्याचं काय? हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी टाकला की उजेड रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त. एच-फोर (अप्पर-डिपर एकत्र असलेल्या) बल्बमध्ये डिपरच्या फिलामेंटखाली छोटी वाटी असते, तिच्यामुळे उजेड वर जात नाही. स्वस्त एलईडीत चिप त्या जागेवर बसतच नाही. विल्होळीपासून घोटीपर्यंत मी अक्षरशः डाव्या पट्टीकडे बघून गाडी चालवतो.

पिकअप_चालक_सिन्नर
वा साहेब! तुमच्या पंचवीस लाखाच्या गाडीचे कंपनीचे एलईडी आमचे डोळे फोडतात तेव्हा ते तंत्रज्ञान, आणि आम्ही लावले की गुन्हा. डिपर मारला तर तुमच्यातला एक जण तरी खाली करतो का?

गंगापूररोडकर
मी करतो. आणि कंपनीच्या लाइटला कट-ऑफ (उजेड वर जाऊ न देणारी कड) असतो, तुमच्या जुगाडाला नसतो.

पिकअप_चालक_सिन्नर
"जुगाड" म्हणायचं काम नाही. तुमच्या घरचा भाजीपाला याच जुगाडातून येतो.

जुना_पासिंगवाला
आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी आरटीओचा फिटनेस (पासिंग) लागतो, हे सगळे सोयीने विसरता. पासिंगच्या आदल्या रात्री हॅलोजन लावायचे, दुसऱ्या दिवशी परत एलईडी, हे धंदे पेठ रोडच्या आरटीओत येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहेत. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर मान्य नसलेल्या बदलाला, दर बदलामागे पाच हजारांच्या दंडाची तरतूद आहे. आणि एलईडीवर घसरणारे काही जण स्वतः १००/९० चे बल्ब लावून फिरतात, तेही रस्त्यासाठी मान्य नाहीत. जुन्या वायरवर ते लावणं म्हणजे आगीला आवतण.

निफाड_येवला_अपडाउन
हेडलाइट कसलेही लावा हो, पुढे दिसायला काही असेल तर दिसेल ना! कांद्याच्या ट्रॉलीला मागे ना लाइट, ना रिफ्लेक्टर. नैताळ्याच्या पुढे मी अशाच एका ट्रॉलीत घुसता घुसता वाचलो. समोरून एकाचा पांढरा एलईडी, पुढे काळी ट्रॉली, वर काळी ताडपत्री. ब्रेक लागला म्हणून आज हे टाइप करतोय. आधी ट्रॉल्या बंद करा, मग आमच्या बल्बांवर चर्चा करा.

कादवाकाठचा
ट्रॉल्या बंद करा? मग कांदा काय खिशात घालून लासलगावला न्यायचा? सकाळच्या लिलावाला नंबर लागावा म्हणून मध्यरात्री निघतो आम्ही, हौस म्हणून नाही. भाव पडला की ट्रॉलीचं डिझेलही सुटत नाही, आणि हे म्हणे टेललाइट लावा.

निफाड_येवला_अपडाउन
रिफ्लेक्टरची लाल पट्टी शे-दोनशे रुपयांना मिळते. भावाचा आणि तिचा काय संबंध? ट्रॅक्टरवर स्पीकर बसवायला बरे पैसे असतात!

कादवाकाठचा
माझ्या ट्रॅक्टरवर स्पीकर नाही. तोंड सांभाळून. टेललाइट लावला होता मी. बाजार समितीच्या रांगेत मागचा ट्रॅक्टर येऊन टेकला, फुटला. परत लावला, तर ट्रॉलीला जाणारी वायर उंदरांनी खाल्ली. शेडमध्ये सहा महिने उभ्या ट्रॉलीची वायरिंग टिकवून दाखव, मग शिकव.

वायरमन_द्वारका
उंदरांचा मुद्दा बरोबर आहे. ट्रॉलीची वायर उघडी सोडू नका, लोखंडी पाइपातून न्या, आणि जोडाला सात पिनांचं सॉकेट लावा, म्हणजे ट्रॉली सोडताना वायर ओढून तुटत नाही. वायरी पिळून टेप मारू नका, उन्हात टेपचा गोंद सुटतो. आणि वायर शाबूत असो नसो, रिफ्लेक्टर लावाच. त्याला करंट लागत नाही, उंदीरही खात नाही.

कादवाकाठचा
रिफ्लेक्टर लावतो, जा. पण तो अपडाउनवाल्याने सांगितलं म्हणून नाही.

निफाड_येवला_अपडाउन
उपकार झाले. आता बाकीच्या हजार ट्रॉल्यांना कोण सांगणार?

कादवाकाठचा
तू सांग. बोलायला वेळ भरपूर आहे तुझ्याकडे.

टोमॅटोवाला_पिंपळगाव
धागा माझ्या पोस्टवरून सुरू झाला होता, आठवण करून देतो. आणि रिलेवाल्यांना एक प्रश्न, याचं उत्तर कोणीच देत नाही. माझ्या चुलत्याच्या गाडीला रिले लावल्यावर बल्ब लवकर उडायला लागले. पूर्ण व्होल्टेज मिळालं की बल्बचं आयुष्य घटतं, हे तुम्ही गिऱ्हाइकाला सांगता का?

वायरमन_द्वारका
सांगतो. घटतंच. जास्त उजेड फुकट येत नाही. पण आधी अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) किती व्होल्ट देतो ते बघा. रेग्युलेटर बिघडून १५ च्या वर जात असेल तर रिलेला कशाला शिव्या? आणि तुमच्या एलईडीच्या मागे पंखा असतो, त्यामुळे हेडलाइटचं मागचं रबरी बूट नीट बसत नाही. मग काय करता? काढून टाकता. पहिल्या पावसाळ्यात आत पाणी, रिफ्लेक्टर काळा. रिफ्लेक्टर गेला की एलईडी लावा नाहीतर सर्चलाइट, सगळं सारखंच.

टोमॅटोवाला_पिंपळगाव
बूट मी कापून बसवलंय, काढलेलं नाही.

घाटवाला_इगतपुरी
आम्ही इथे राहतो, आम्हाला विचारा. जुलैत कसाऱ्याला ढग रस्त्यावर उतरतात तेव्हा पांढरा लाइट समोर भिंत उभी करतो. पिवळट हॅलोजन डिपरवर ठेवून, हळू चालवलं तरच रस्त्याची कड दिसते. दिवस उजाडतो म्हणणाऱ्याने उन्हाळ्यात घाट बघितला असणार. आणि कोणीच बोललं नाही ते बोलतो: पिकअप मागे भरली की तोंड वर करते. रिकाम्या गाडीवर लावलेला बीम भरल्यावर थेट समोरच्याच्या काचेत. बल्ब कुठलाही असो.

पिकअप_चालक_सिन्नर
हे मात्र खरं बोललात. मग सेट कसा करायचा? रोज स्क्रू फिरवत बसू?

घाटवाला_इगतपुरी
नेहमी जेवढा माल असतो तेवढा भरून, टायरची हवा बघून, सपाट जागी भिंतीपासून दहा मीटरवर उभी करायची. डिपरची वरची कड हेडलाइटच्या मध्यापेक्षा दहा सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. परत येताना गाडी रिकामी, उजेड जरा जवळ पडेल. चालवून घ्यायचं.

गंगापूररोडकर
हे पिकअपवाल्यांनी केलं तर मी माझे शब्द मागे घेतो. "जुगाड" सोडून.

टोमॅटोवाला_पिंपळगाव
जुने हॅलोजन परत लावून मोजलं. बॅटरीवर १३.९, बल्बवर ११.७. झालं समाधान? एलईडी तरी मी काढणार नाही, पण अर्थची वायर बदलतोय. द्वारकावाले, कुठे टाकायची तेवढं सांगा, भाषण नको.

वायरमन_द्वारका
आधी ब्लॅक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि रेड प्रोब होल्डरच्या अर्थ पिनेवर ठेवा, लाइट चालू पाहिजे. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थ गेलाय. तेवढं नसेल तर वायर बदलून उपयोग नाही, चोरी पॉझिटिव्हच्या बाजूला आहे, आणि मग रिलेशिवाय सुटका नाही. आकडा इथेच टाका.

टोमॅटोवाला_पिंपळगाव
०.३.

वायरमन_द्वारका
रविवारी दुकान बंद असतं. सोमवारी या.